कारखान्याने राखून ठेवलेली ताकद

१९९० साली अमेरिकेत सोळा-सतरा हजार डॉलरला एक दोन दारांची गाडी मिळू लागली. दोन लिटरचं टर्बो इंजिन, १९५ हॉर्सपॉवर आणि चारही चाकांना ताकद पोचवणारी यंत्रणा. त्या वर्षी पोर्शे ९११ घ्यायची तर पन्नास हजार डॉलरच्या वर मोजावे लागत. ही स्वस्त गाडी थांब्यापासून ताशी ९७ किलोमीटरचा वेग साडेसहा सेकंदांच्या आसपास गाठायची आणि पाव मैलाचं अंतर पंधरा सेकंदांच्या आसपास कापायची. त्या किमतीत हे आकडे दुर्मीळ होते. तरीही गाडीचं नाव आजवर टिकलं ते या आकड्यांमुळे नाही. कारखान्याने या इंजिनातून जेवढी ताकद काढली, त्याहून बरीच जास्त ताकद त्यात शिल्लक होती, आणि ती बाहेर काढणं एखाद्या पगारदार तरुणाच्या आवाक्यातलं होतं.

गाडी एकच, नावं तीन. मित्सुबिशी एक्लिप्स, ईगल टॅलन आणि प्लिमथ लेझर. मित्सुबिशी आणि क्रायस्लर या कंपन्यांनी १९८५ साली भागीदारीत डायमंड-स्टार मोटर्स ही कंपनी काढली. मित्सुबिशीच्या बोधचिन्हातले हिरे आणि क्रायस्लरच्या चिन्हातला तारा एकत्र करून हे नाव बनलं. कारखाना इलिनॉय राज्यातल्या नॉर्मल या गावी उभा राहिला. कंपनीच्या आद्याक्षरांवरून तिन्ही गाड्यांना लोक ‘डीएसएम’ म्हणू लागले. १९९० ते ९४ या मॉडेल-वर्षांची पहिली पिढी ‘वन-जी’ आणि १९९५ ते ९९ ची दुसरी ‘टू-जी’. २००१ सालच्या ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ या चित्रपटातली हिरवी एक्लिप्स टू-जीच होती. जगभरच्या प्रेक्षकांना ही गाडी तिथून ठाऊक झाली. अमेरिकेतल्या छोट्या गॅरेजांमध्ये मात्र तोवर दहा वर्षं तिच्यावर काम चाललं होतं.

इंजिनाचं घराणं

या गाडीच्या बॉनेटखालच्या इंजिनाचं नाव ४जी६३. चार सिलेंडर, सोळा व्हॉल्व्ह, १९९७ सीसी. सिलेंडरचा व्यास ८५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ८८ मिलिमीटर. ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. क्रँकशाफ्ट फोर्ज केलेला, आणि प्रत्येक पिस्टनच्या बुडावर खालून तेलाची धार सोडणारी नळी. खर्च वाचवायला निघालेला कारखाना रोजच्या वापराच्या गाडीला अशा नळ्या बसवत नाही. मित्सुबिशीने त्या बसवल्या, कारण हे इंजिन रॅलीसाठी बांधलेलं होतं.

१९८७ पासून जागतिक रॅली स्पर्धांचा वरचा वर्ग ‘ग्रुप ए’ हा होता. त्याचा नियम असा, की स्पर्धेत उतरणारी गाडी आधी हजारोंच्या संख्येने बनवून लोकांना विकलेली असली पाहिजे. मित्सुबिशीने त्यासाठी गॅलंट व्हीआर-४ ही सेदान काढली. याच इंजिनाच्या आणि चारचाकी ड्राइव्हच्या जोरावर १९८९ साली मिकाएल एरिक्सनने फिनलंडची ‘थाउजंड लेक्स’ रॅली आणि पेंटी आयरिकालाने ब्रिटनची ‘आरएसी’ रॅली जिंकली. पुढे हेच इंजिन लान्सर इव्होल्यूशनमध्ये गेलं आणि टॉमी मॅकिनेनने १९९६ ते ९९ अशी सलग चार वर्षं चालकांचं जागतिक विजेतेपद मिळवलं.

नॉर्मलच्या कारखान्यातून निघणाऱ्या कूपेमध्ये याच घराण्याचं इंजिन आणि याच धाटणीची चारचाकी यंत्रणा होती. रॅलीत तासन्‌तास पूर्ण ताकदीवर टिकेल असा ब्लॉक, आणि त्यावर वॉरंटी, विमा, साधं पेट्रोल आणि निष्काळजी मालक यांचा विचार करून बेतलेली १९५ हॉर्सपॉवर. राखीव ताकद होती ती या दोहोंमधल्या फरकात.

हवेचा हिशोब

इंजिनाची ताकद पेट्रोलवर अवलंबून असते असं आपण धरून चालतो. पेट्रोल वाढवणं खरं तर सोपं आहे. मोठा इंजेक्टर बसवला की झालं. अवघड असतं ते पेट्रोल जाळायला पुरेशी हवा आत भरणं. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला जवळपास १४.७ किलो हवा लागते. लोहार भाता जोराने ओढतो तेव्हा कोळसा तेवढाच असतो, पण आगीचा रंग बदलतो. टर्बोचार्जर हा इंजिनाचा भाता आहे, आणि तो ओढायला माणूस लागत नाही. सायलेन्सरकडे वाया जाणारा तापलेला धूर एका चक्राला फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं.

आकडे घेऊन पाहू. दोन लिटरचं इंजिन दर दोन फेऱ्यांत दोन लिटर हवा ओढतं. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर हे ६,००० लिटर होतात, म्हणजे साधारण ७.२ किलो हवा. पेट्रोल इंजिनांचा ढोबळ ठोकताळा असा, की मिनिटाला एक किलो हवा म्हणजे २२ हॉर्सपॉवरच्या आसपास. या हिशोबाने टर्बोशिवाय, आणि सिलेंडर काठोकाठ भरले असं धरून, १५८ हॉर्सपॉवर होतात. प्रत्यक्षात सिलेंडर पूर्ण भरत नाहीत. टर्बो हवेचा दाब वाढवतो, पण दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते. वरच्या फेऱ्यांवर दाब थोडा उतरतोही. ही सगळी वजाबाकी केल्यावर मिनिटाला नऊ किलोच्या आसपास हवा उरते आणि उत्तर १९५ च्या जवळ येतं. कारखान्याचा आकडा असा हवेतून निघतो.

हवा किती तापते तेही पाहण्यासारखं आहे. बाहेर ३० अंश सेल्सिअस असताना हवेचा दाब १.८ पट केला, आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा ११० अंशांच्या आसपास पोचते. दाब २.२ पट केला तर १४० अंशांच्या आसपास. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये इंटरकूलर लागतो. डीएसएममध्ये तो बंपरच्या मागे एका कोपऱ्यात दडवलेला, आकाराने लहान होता. १९५ हॉर्सपॉवरला तो पुरत होता. दाब वाढवला की तो अपुरा पडे, आणि म्हणून मालक ग्रिलच्या मागे सरळ वाऱ्याच्या तोंडावर मोठा इंटरकूलर बसवत.

एकामागून एक अडथळे

या गाडीवर काम करणारे लोक लवकरच एक गोष्ट शिकले. प्रत्येक टप्प्यावर एकच भाग ताकदीला अडवत असतो. तो ओळखून सोडवला की पुढचा समोर येतो. क्रम चुकला तर पैसे वाया जातात, आणि कधीकधी इंजिनही.

पहिला अडथळा एक्झॉस्टचा. मूळ पाइप अरुंद होता. टर्बोच्या मागे तीन इंची पाइप घातला की धुराला वाट मिळे आणि टर्बो लवकर फिरू लागे. पण इथेच एक नवा प्रश्न उभा राहत असे. टर्बोवर वेस्टगेट नावाची एक झडप असते. दाब ठरलेल्या मर्यादेला पोचला की ती उघडते आणि जास्तीचा धूर चक्राला बगल देऊन बाहेर काढते. डीएसएमच्या टर्बोमध्ये या झडपेचं भोक लहान होतं. मागचा पाइप मोकळा झाल्यावर झडप पूर्ण उघडूनही धूर मावेना, आणि वरच्या फेऱ्यांवर बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, आपोआप चढत जाई. उपाय साधा पण वेळखाऊ: टर्बो उतरवायचा, ग्राइंडरने ते भोक घासून मोठं करायचं, झडप त्यावर नीट बसते आहे ना हे पाहायचं आणि पुन्हा जोडायचं. एक सुधारणा दुसरं काम मागते याचा याहून चांगला धडा नाही.

दुसरा टप्पा बूस्टचा. वेस्टगेट उघडणाऱ्या डब्याला दाबाची एक बारीक नळी जाते. त्या नळीत पितळेचा छोटा व्हॉल्व्ह बसवून त्याला उशिरा खबर पोचेल अशी व्यवस्था केली, की बूस्ट वाढतो. थोड्याशा खर्चात गाडीचा पिकअप डोळ्यांत भरण्याइतका सुधारे, आणि नेमका इथेच बहुतेकांचा तोल जाई.

तिसरा अडथळा कारखान्याने मुद्दाम ठेवलेला. इंजिनात जाणारी हवा मोजायला मित्सुबिशीने एक सुरेख सेन्सर वापरला होता. हवेच्या वाटेत छोटा अडसर ठेवला की त्याच्या मागे भोवरे सुटतात, आणि हवेचा वेग वाढला की भोवऱ्यांची संख्या त्याच प्रमाणात वाढते. थिओडोर फॉन कार्मान या शास्त्रज्ञाच्या नावाने हे भोवरे ओळखले जातात. सेन्सर ते मोजतो आणि गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, त्यावरून पेट्रोल ठरवतो. हवा ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की ईसीयू पेट्रोल तोडून टाके आणि भर वेगात गाडीला जोराचा गचका बसे. याला सगळे ‘फ्युएल कट’ म्हणत. अनेकांना तो शत्रू वाटे. खरं तर तो इंजिनाचा राखणदार होता.

चौथा इंजेक्टरचा. हाताने गिअर टाकायच्या डीएसएममध्ये प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला ४५० सीसी पेट्रोल सोडू शकतो. चौघांचे मिळून १,८०० सीसी, वजनाने साधारण १.३ किलो. इंजेक्टर सतत उघडा ठेवता येत नाही. ८५ टक्के वेळ धरला तर १.१ किलो उरतं. बूस्टखाली पेट्रोलचं प्रमाण जास्त ठेवावं लागतं, एका भागाला साडेअकरा भाग हवा. म्हणजे मिनिटाला तेराएक किलो हवा आणि २८५ च्या आसपास हॉर्सपॉवर. यापुढे जायचं तर मोठे इंजेक्टर आणि जास्त क्षमतेचा इंधनपंप हवाच.

मग पाळी टर्बोची. वन-जीच्या मॅन्युअल गाड्यांत मित्सुबिशीचा ‘१४बी’ टर्बो असे, आणि तो ३०० हॉर्सपॉवरच्या आसपास हवा देऊ शके. टू-जीमध्ये कंपनीने गॅरेटचा लहान ‘टी२५’ बसवला. तो कमी फेऱ्यांवरच जागा होई, त्यामुळे गावात गाडी चपळ वाटे. कागदावर ताकदही २१० झाली आणि ३,००० फेऱ्यांवर पूर्ण टॉर्क मिळू लागला. पण वरच्या फेऱ्यांवर त्याचा दम संपत असे. म्हणून नवी टू-जी घेतलेला माणूस जुन्या वन-जीवरचा १४बी शोधत फिरे, आणि त्याच्या पुढचा ‘१६जी’ हाताला लागला तर आणखी आनंदे. जुन्या गाडीचा सुटा भाग नव्या गाडीची सुधारणा ठरत होता. स्वस्त गाडीभोवती ज्ञानाचं आणि सुट्या भागांचं असं जाळं तयार झालं, की तिची किंमत शोरूममधल्या पाटीवरून कळत नाही.

खरा न्यायाधीश: नॉकिंग

आता या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. सिलेंडरमध्ये ठिणगी पडली की ज्वाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकते. दाब आणि उष्णता फार वाढली तर ज्वाला पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण एकदम पेटतं. धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो आणि पिस्टनवर तसाच घाव बसतो. हेच नॉकिंग. थोडा वेळ चाललं तर पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते. जास्त चाललं तर पिस्टनला भोक पडतं.

म्हणूनच वन-जीमध्ये कारखान्याने कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, ७.८ इतकं कमी ठेवलं. टू-जीमध्ये ते ८.५ झालं. ब्लॉकवर नॉक ऐकणारा सेन्सर आहे. तो आवाज आला की ईसीयू ठिणगी उशिरा टाकू लागतो. गाडी वाचते, पण ताकद जाते. बूस्ट वाढवूनही गाडी आधीपेक्षा मंद झाली अशी तक्रार घेऊन येणाऱ्या मालकाच्या बाबतीत बहुतेकदा हेच घडलेलं असतं.

डीएसएमच्या मालकांचं सर्वांत मोठं काम मी याच संदर्भातलं मानतो. इंजिनाच्या आत काय चाललंय ते त्यांनी वाचायला सुरुवात केली. नव्वदच्या दशकात डॅशबोर्डखालच्या तपासणी-सॉकेटला लॅपटॉप किंवा हातातला पाम संगणक जोडायचा, मोकळ्या ट्रॅकवर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर द्यायचा आणि नंतर नोंदी ओळीने पाहायच्या: फेरे, हवा, इंजेक्टर किती वेळ उघडा, ठिणगीचे अंश आणि नॉकची बेरीज. फेरे चढत असताना नॉकचा आकडा उसळला आणि त्याच ओळीत ठिणगीचे अंश कोसळले, की तो बूस्ट त्या पेट्रोलला झेपत नाही हे उघड होई. पुढे ‘डीएसएमलिंक’सारख्या साधनाने मूळ ईसीयूमधली चिप बदलून पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही स्वतः बेतता येऊ लागली. त्याआधी जे अंदाजाने चाले ते आता मोजून होऊ लागलं. माझ्या मते ट्यूनिंग खऱ्या अर्थाने इथे सुरू होतं. जो मोजत नाही तो फक्त नशीब अजमावत असतो.

जिथे इंजिन हरतं

या इंजिनाचं कौतुक करताना त्याचे दोष झाकणं वाचकावर अन्याय ठरेल. १९९२ च्या सुमारापर्यंतच्या इंजिनांत फ्लायव्हील क्रँकशाफ्टला सहा बोल्टने जोडलेलं असे, नंतरच्यांत सात बोल्टने. नुसत्या बोल्टच्या संख्येवरून जाणकार इंजिनाची पारख करू लागले, कारण सात बोल्टच्या इंजिनांत एक घातक आजार दिसला: ‘क्रँकवॉक’.

क्रँकशाफ्टने आपल्या जागी फिरावं, पुढे-मागे सरकू नये. क्लच दाबला की त्यावर लांबीच्या दिशेने जोर येतो आणि तो थ्रस्ट बेअरिंग झेलतं. हे बेअरिंग झिजलं की पाव मिलिमीटरपेक्षाही कमी असायला हवी ती मोकळीक वाढत जाते. मग वळणावर क्लचचं पेडल खालीच राहतं आणि शेवटी सरकलेला क्रँक फिरण्याची नोंद ठेवणाऱ्या सेन्सरला धडकून गाडी जागीच बंद पडते. जास्त ताकद पेलायला अतिकडक क्लच बसवला की त्याच बेअरिंगवरचा भार वाढतो. अनेक टू-जी मालकांनी शेवटी जुनं सहा बोल्टचं इंजिनच गाडीत बसवलं.

दुसरी जागा बेल्टची. या इंजिनात टायमिंग बेल्टशिवाय बॅलन्स शाफ्टचा एक छोटा बेल्ट असतो. तो तुटून मुख्य बेल्टमध्ये अडकला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड कामातून जातं. दर ९६,००० किलोमीटरला दोन्ही बेल्ट बदलायला सांगितलेलं होतं. तिसरी जागा आणखी बारीक: वन-जीच्या ईसीयूमधले कपॅसिटर वयानुसार गळतात आणि त्यांतलं द्रव सर्किटचे तांब्याचे पट्टे खातं. गाडी मध्येच विचित्र वागू लागते आणि मालक उगाच टर्बोवर संशय घेत राहतो. जुनी डीएसएम घेणारा शहाणा माणूस आधी ईसीयूचं झाकण उघडून वास घेतो. सडक्या मासळीसारखा वास आला तर कपॅसिटर आधी बदलायचे, बाकी सगळं नंतर.

मग किती?

एवढं सगळं सांभाळलं तर ही गाडी कुठवर जाते? मूळ १४बी टर्बोवरच, एक्झॉस्ट, बूस्ट आणि पेट्रोलचं गणित जमवून, पाव मैल तेरा सेकंदांत कापणाऱ्या गाड्या गावोगावी तयार झाल्या. थांब्यापासून निघताना चारही चाकं जमीन पकडत असल्यामुळे वाढलेली ताकद टायर घासण्यात वाया जात नसे. डीएसएमच्या फक्त पुढची चाकं ओढणाऱ्या आवृत्तीला हे सुख नव्हतं. तिचं स्टिअरिंग जोरात निघताना हातातून ओढलं जाई. ड्रॅग रेसिंगमध्ये जॉन शेफर्डची ईगल टॅलन पाव मैल आठ सेकंदांच्या आत धावली. ती अर्थातच पूर्णपणे स्पर्धेसाठी बांधलेली गाडी होती आणि तिच्यात गिअरबॉक्सपासून पिस्टनपर्यंत बरंच काही नवं होतं. पण मुळाशी तीच दोन लिटरची रचना.

ताकदीबरोबर जबाबदारीही येते. कॅलिफोर्नियात धुरावर परिणाम करणारा भाग बदलायचा तर त्याला तिथल्या हवा संसाधन मंडळाची मंजुरी लागते. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. ब्रेक आणि टायर मूळ ताकदीसाठी बेतलेले असतात, आणि वाढलेला वेग त्यांच्यावरच थांबायचा असतो. ही पर्वा जो करत नाही त्याने बूस्टला हात लावू नये.

डीएसएमचा धडा आपल्या रस्त्यांवरही लागू पडतो. पुण्याजवळच्या चाकणमध्ये बनलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय २०१३ साली आली. १.२ लिटरच्या टर्बो इंजिनाला १०५ हॉर्सपॉवर आणि १७५ न्यूटन-मीटर टॉर्क. ईसीयू रिमॅप केला, म्हणजे त्यातली आज्ञावली बदलली, की त्यातून आणखी ताकद निघते, कारण इथेही कारखान्याने हात राखलेला आहे. पण तिचा सात गिअरचा कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटरसाठी बनवलेला आहे. म्हणजे इंजिनाला बूस्ट मागण्याआधी क्लचला विचारायला हवं. प्रत्येक टर्बो गाडीत असा एक भाग असतो, आणि तो कोणता हे मॉडेलच्या नावावरून कळत नाही. हिशोब करून आणि नोंदी वाचून कळतं.

नॉर्मलच्या त्या कारखान्यात मित्सुबिशीच्या गाड्या बनणं २०१५ साली थांबलं आणि २०१७ साली रिव्हियनने तो विकत घेतला. आता तिथे विजेवर चालणारी वाहनं बनतात. विजेच्या गाडीलाही हाच प्रश्न विचारावा लागतो: मोटर किती ओढू शकते, बॅटरी किती देऊ शकते, आणि गरम कोण आधी होतं? सुट्या भागांची नावं बदलली तरी ताकद वाढवायची पद्धत बदलत नाही. आधी सर्वांत कमकुवत भाग शोधायचा, तो मोजायचा, सुधारायचा आणि पुन्हा मोजायचा. स्वस्त गाडीचं मोठेपण इतकंच, की हे शिकायची संधी तिने श्रीमंतांपुरती ठेवली नाही.